पसंत कुणाला, पसंत कुणाची

(खरवई, बदलापूर पूर्व इथे तरुण-तरुणींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय माझ्यावर सोडला होता, म्हणून मी एकच शब्द घेऊन आले आहे: पसंत. एका शब्दावर कुणी एवढा वेळ बोलतं का, असं वाटेल. पण हा शब्द आपल्या घरात, बाजारात आणि सरकारी कागदात इतक्या ठिकाणी बसला आहे की त्याचा माग काढायला लागलं की आपल्याच अडचणी समोर येतात.

उल्हासनगरच्या गजानन मार्केटमध्ये दुकानदार कापड उलगडून विचारतो, 'पसंद आया?' तो सिंधी, आपण मराठी. आपण म्हणतो, 'पसंत नाही, दुसरं दाखवा.' दोघांनाही वाटतं की आपण आपापल्या भाषेत बोललो. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा असतो. मुलगी बघून आलेले लोक रिक्षात बसायच्या आत एकमेकांना विचारतात, 'काय, पसंत आहे का?'

आधी एक गैरसमज बाजूला काढू. आपल्यातले पुष्कळ जण समजतात की हा शब्द अरबी आहे, म्हणजे आपल्याबरोबर, इस्लामबरोबर इथे आला. तसं असूच शकत नाही, कारण अरबीत 'प' हा आवाजच नाही. पर्शियाला अरब 'फारस' म्हणाले ते त्यामुळेच. 'पसंद' हा फारसी शब्द आहे. 'पसंदीदन' म्हणजे चांगलं वाटणं, मान्य असणं. इस्लाम इराणात पोचण्याच्या आधीच्या पहलवी भाषेतही तो आहे, आणि पहलवी ही जरथुश्त्री धर्मग्रंथांची भाषा. म्हणजे शब्दाला धर्म लावायचाच असेल तर तो पारशी निघेल.

त्याच्याही मागे जाऊ. प्राचीन इराणी भाषेत एक धातू होता, 'सद' किंवा 'संद'. अर्थ: दिसणं, भासणं, बरं वाटणं. त्याच्या आधी एक उपसर्ग लागला आणि झिजत झिजत त्याचा नुसता 'प' उरला. आता हाच धातू संस्कृतात शोधा. संस्कृतात जिथे 'छ' असतो तिथे इराणी भाषांत अनेकदा 'स' असतो. आपण 'छाया' म्हणतो, फारसीत 'साया'. संस्कृतात 'पृच्छा', फारसीत 'पुरसिश', दोन्हींचा अर्थ विचारपूस. मग 'संद'चा जोडीदार कोण? 'छंद'. तोच छंद, जो आपल्याला क्रिकेटचा असतो किंवा नाणी जमवण्याचा असतो. संस्कृतात 'छंद' म्हणजे इच्छा, आवड, मर्जी. कवितेतला छंदही याच घरातला, असं बरेच अभ्यासक मानतात. छांदोग्य उपनिषद मात्र त्याचा संबंध झाकण्याशी लावतं. तो वाद पंडितांना सोडून देऊ.

तर पसंत आणि छंद ही चुलत भावंडं आहेत. एक इराणात वाढलं, एक इथे, आणि हजारो वर्षांनी मराठीत ती पुन्हा एका घरात राहायला आली. ओळख मात्र राहिली नाही. एकाला लोक 'मुसलमानी' शब्द म्हणतात, दुसऱ्याला संस्कृत.

हे मी कौतुक म्हणून सांगत नाही. ऑफिसात मला अधूनमधून ऐकावं लागतं, 'तुझं मराठी किती छान आहे.' म्हणणारा मनाने चांगला असतो. पण हेच वाक्य तो शेजारच्या जोशींना म्हणत नाही. एकाने तर पुढे जाऊन सांगितलं की 'पसंत', 'मदत', 'जमीन' हे शब्द तुमच्या लोकांचे, आम्ही ते वापरतो ही आमची उदारता. दुसऱ्या बाजूने घरातली वडीलधारी मंडळी सांगतात, मराठी नोकरीपुरती ठीक आहे, आपली जबान उर्दू. दोघांचा हिशेब एकच आहे: भाषा कुणाच्या तरी नावावर आहे आणि बाकीचे तिच्यात भाडेकरू आहेत.

आता या शब्दाचा मराठीतला दाखला पाहा. फारसीत 'पसंद', हिंदी-उर्दूतही 'पसंद'. मराठीत 'पसंत'. शेवटच्या 'द'चा 'त' कुणी केला? मराठी जिभेने. 'मदद'ची 'मदत' तिनेच केली आणि 'खुशामद'ची 'खुशामत'ही. मग मराठीने त्याला स्वतःचे प्रत्यय लावले, 'पसंती' केली, 'नापसंती' केली, 'पसंतीस उतरणे' असा वाक्प्रचार घडवला. 'पसंतीक्रम'मध्ये तर फारसी 'पसंत' आणि संस्कृत 'क्रम' शेजारी बसले आहेत आणि कुणाला खटकत नाही. तेहरानच्या माणसाला 'पसंतीक्रम' ऐकवून पाहा, त्याला काही कळणार नाही. हा शब्द मराठी आहे.

आणि तो आला कसा? आपल्याला शाळेत एवढंच कळतं की मुसलमान राजवट आली आणि फारसी आली. कोकणात गोष्ट जास्त जुनी आहे. हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सन ९१६ च्या सुमारास, अल-मसूदी नावाचा बगदादचा प्रवासी सैमूरला, म्हणजे आजच्या चौलला आला होता. राजा होता शिलाहार घराण्यातला झंझ. मसूदी लिहितो की तिथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहत होते. ओमान, बसरा, सिराफ, बगदाद इथून आलेले, आणि इथेच जन्मलेलेही. त्यांचे तंटे सोडवायला राजाच्या संमतीने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला असे आणि त्याच्या पदाचं नाव 'हुनरमन'. हा शब्द फारसी आहे, 'हुनर'वाला. इथून पुढचं स्टेशन अंबरनाथ. तिथलं शिवमंदिर याच शिलाहार घराण्याने बांधलं, त्यावर शके ९८२, म्हणजे १०६० चा लेख आहे. मंदिर उभं राहायच्या जवळजवळ दीडशे वर्षं आधी त्या घराण्याच्या राज्यात एक फारसी पदनाव रुळलेलं होतं, आणि ते तलवारीने आणलेलं नव्हतं.

मोठा लोंढा अर्थात नंतर आला, बहमनी, निजामशाही, आदिलशाहीच्या दफ्तरांमधून. इतिहासाचार्य राजवाड्यांनी तीन काळातली मराठी पत्रं घेऊन शब्द मोजले होते. १६२८ च्या पत्रात शेकडा ८५ च्या पुढे फारसी शब्द, १६७७ मध्ये सुमारे ३७, आणि १७२८ मध्ये जेमतेम ६. मधल्या काळात शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंत्यांच्या देखरेखीखाली राज्यव्यवहारकोश करवून घेतला होता, दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा. एका स्वतंत्र राज्याला स्वतःची राजभाषा हवी होती, त्यात गैर काही नव्हतं. विसाव्या शतकात सावरकरांची भाषाशुद्धी आली. माधव जूलियनांचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. १९२५ चा फार्शी-मराठी कोश त्यांचा, मराठीत गझल रुजवली त्यांनी, आणि १९३८ मध्ये 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिलं तेही त्यांनीच.

या सगळ्या झाडलोटीत दरबारी शब्द गेले. पण 'पसंत' गेला नाही, 'मदत' गेली नाही, 'जमीन' गेली नाही. दफ्तरातला शब्द हुकुमाने काढता येतो. बाईच्या तोंडातला, बाजारातला शब्द काढायला कुणाचा हुकूम चालत नाही. आपल्या गावाचंच बघा. बदलापूरला घोडे बदलत म्हणून हे नाव पडलं, असं इथले लोक सांगतात. ते खरं धरलं तर 'बदल' अरबी आणि 'पूर' संस्कृत, आणि लोकलच्या इंडिकेटरवर रोज दोन्ही एकत्र चमकतात.

एक सार्वजनिक वापर राहिला. विधान परिषदेच्या निकालांच्या बातम्यांत 'पहिल्या पसंतीची मतं' हे शब्द तुम्ही वाचले असतील. आपला ठाणे जिल्हा कोकण पदवीधर मतदारसंघात येतो. तिथे मशीनचं बटण नसतं. कागदावर उमेदवारांसमोर १, २, ३ असे आकडे लिहायचे, तेही मतदान केंद्रात दिलेल्या पेननेच. पहिली पसंती लिहिलीच पाहिजे, बाकीच्या ऐच्छिक. वैध मतांच्या निम्म्याहून एक जास्त असा कोटा कुणी गाठला नाही, तर सगळ्यात मागचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली जाते. मला ही पद्धत आवडते, कारण तिच्यात 'हा नाही तर मग कोण' हेही सांगता येतं. या यादीत नाव आपोआप येत नाही. दर निवडणुकीला यादी नव्याने होते आणि १८ नंबरचा फॉर्म भरावा लागतो. २०२४ च्या निवडणुकीसाठी १ नोव्हेंबर २०२३ ही तारीख धरून त्याआधी किमान तीन वर्षं पदवी झालेल्यांची नोंदणी झाली. इथे बसलेल्यांपैकी किती पदवीधरांनी तो फॉर्म भरला होता? हात वर करू नका, मला अंदाज आहे.

आता ज्यासाठी मी हा शब्द निवडला तिकडे येते.

मराठीत 'पसंत'बरोबर तीन क्रियापदं येतात. पसंत असणं, पसंत पडणं, पसंत करणं. 'मला हे पसंत आहे', यात मी कर्ता नाही. मला ते तसं वाटतं, बस. धातूचा मूळ अर्थ 'भासणं' होता हे आठवा, तो या वाक्यात अजून जिवंत आहे. 'मी पसंत केलं' यात मात्र मी काहीतरी केलं. पाहिलं, तोललं, ठरवलं. आणि 'पसंत पडली' यात जी पडली ती वस्तू आहे, ठरवणारा दुसराच कुणीतरी.

आपल्या घरांमधली वाक्यं आठवा. मुलगा मुलगी पसंत करतो. मुलगी पसंत पडते. चार जण येतात, चहा होतो, कुणीतरी तिला चालायला लावतं, कुणीतरी शिक्षण विचारतं, आणि दोन दिवसांनी फोन येतो, 'पसंत आहे.' मग घरात आनंद. त्या फोननंतर मुलीला विचारलं जात नाही, सांगितलं जातं. हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही, शेजारच्या हिंदू घरातही 'दाखवण्याचा कार्यक्रम' असाच असतो. पण आपल्याकडे एक जादा दावा असतो, की आमच्यात मुलीला विचारल्याशिवाय निकाहच होत नाही. कागदावर खरं आहे. काझीसाहेबांच्या वतीने वकील आणि दोन गवाह आत येतात, मेहर किती ते सांगतात आणि विचारतात, कबूल आहे?

'कबूल' आणि 'पसंत' यांत फरक आहे. कबूल म्हणजे समोरून आलेलं स्वीकारणं. निकाहात ईजाब आणि कबूल हे दोन भाग असतात, प्रस्ताव आणि स्वीकार. पण मंडप पडलेला, बिर्याणीची डेग चुलीवर, तीनशे माणसं बाहेर बसलेली, आणि त्या क्षणी विचारलेल्या प्रश्नाला 'नाही' म्हणायची सोय कितीशी असते? प्रश्न सहा महिने आधी विचारायला हवा होता, आणि तो 'पसंत आहे का' असा हवा होता.

धर्माचा आधार मागणाऱ्यांसाठी सांगते, तो भक्कम आहे. बुखारीच्या संग्रहात खन्सा बिन्त खिदाम यांची हकिकत आहे. वडिलांनी त्यांचं लग्न त्यांच्या मनाविरुद्ध लावलं, त्या प्रेषितांकडे गेल्या आणि प्रेषितांनी (स.) ते लग्न रद्द ठरवलं. दुसरी हकिकत बरीराची. ती गुलाम होती, मुक्त झाली, आणि मुक्त झालेल्या बाईला आधीच्या नवऱ्याबरोबर राहायचं की नाही हे ठरवण्याचा हक्क होता. नवरा मुगीस मदिनेच्या गल्ल्यांतून रडत तिच्या मागे फिरत असे. प्रेषितांना त्याची दया आली, त्यांनी तिला त्याच्याकडे परत जायला सुचवलं. तिने विचारलं, ही आज्ञा आहे का? ते म्हणाले, नाही, मी फक्त शिफारस करतो. तिने नकार दिला. कुणी तिला उद्धट म्हटलं नाही. ज्या माणसाच्या शब्दावर लोक जीव टाकत होते त्याच्या शिफारशीला एक काल-परवा मुक्त झालेली बाई नाही म्हणते आणि तो नकार मान्य होतो. आपल्या महिला मेळाव्यांत खन्सा आणि बरीरा यांची नावं किती वेळा घेतली जातात?

त्याऐवजी आपल्याला एकच गोष्ट पाठ असते, कुमारिकेचं गप्प राहणं हाच तिचा होकार. त्या हदीसमध्ये आधी तिची परवानगी विचारायची असं सांगितलं आहे, ते आपण गाळतो. माझ्या कामात याला डिफॉल्ट म्हणतात. वापरणाऱ्याने काहीच निवडलं नाही तर जे आपोआप लागू होतं ते. डिफॉल्ट कोण ठेवतं, हा प्रश्न आम्ही प्रोग्राममध्ये विचारतो. घरातही विचारायला हरकत नाही.

मजहबचाही प्रश्न आहे. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई, महाराष्ट्रातले बाकीचे बहुतांशी हनफी. हनफी मतानुसार सज्ञान मुलगी आपला निकाह स्वतः करू शकते. शाफई मतात वली लागतोच. मुंबई उच्च न्यायालय १८६२ मध्ये सुरू झालं, आणि दोनच वर्षांनी, १८६४ मध्ये त्याच्यासमोर मुहम्मद इब्राहिम विरुद्ध गुलाम अहमद हा खटला आला. शाफई घरातल्या एका वयात आलेल्या मुलीने आपण हनफी मत स्वीकारल्याचं सांगून वडिलांच्या संमतीशिवाय लग्न केलं होतं. न्यायालयाने ते वैध ठरवलं. म्हणजे तिने आधी मजहब पसंत केला आणि मग नवरा. दीडशेहून जास्त वर्षं झाली याला. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात पंधरा वर्षांच्या आत लावून दिलेलं लग्न अठराच्या आत नाकारण्याचा मुलीचा हक्क आला, सहवास झालेला नसेल तर. २०१८ मध्ये हादियाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सज्ञान व्यक्तीने कुणाशी लग्न करावं हे ठरवणं तिचं आहे. कायदा पुढे आला आहे. भाषा मागे आहे.

भाषा मागे आहे याचा पुरावा 'छंद'मध्येच आहे. स्व आणि छंद मिळून 'स्वच्छंद', म्हणजे आपल्या पसंतीने चालणारा. पाखरू स्वच्छंद असलं की कविता होते. मुलीला 'स्वच्छंदी' म्हटलं की ती शिवी होते.

अरबी बाजूला याहून गमतीची गोष्ट झाली. निवडीच्या हक्काला अरबीत 'खियार' म्हणतात. वयात आल्यावर लग्न नाकारण्याच्या हक्काचं नाव 'खियार-उल-बुलूग'. त्याच मुळापासून 'इख्तियार', म्हणजे निवड करणं. हा शब्द मराठीत 'अखत्यार' होऊन आला, आणि आता त्याचा अर्थ काय? 'हा विषय केंद्राच्या अखत्यारीत येतो.' निवडीचा शब्द अधिकाराचा झाला. जो निवडतो त्याचा अधिकार चालतो, असा तो प्रवास असावा. 'मुखत्यार'ही तिथलाच, आणि 'कुलमुखत्यारपत्र' तर बदलापुरात शाळकरी पोरालाही माहीत आहे, इतके जमिनीचे आणि फ्लॅटचे व्यवहार त्यावर होतात. त्या कागदाने तुम्ही तुमची सगळी निवड दुसऱ्याच्या हातात देता.

त्याच्या शेजारी दुसरा कागद असतो, हक्कसोडपत्र. वडील गेले, इमारती येऊ लागल्या, जागेला भाव आला. भाऊ बहिणीला बोलावतो, जेवू घालतो, आणि सही मागतो. कुरआनने मुलीचा वाटा ठरवून दिला आहे. तो मुलाच्या निम्मा का, यावर आपण वाद घालायला हवा आणि मी घालतेही. पण जे भाऊ शरीयतच्या नावाने निम्म्याचं समर्थन करतात, तेच उरलेला निम्मा हक्कसोडपत्राने घेतात. त्या पत्रात एक ठरलेला मजकूर असतो: राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दबावाशिवाय लिहून देते. 'राजी', 'मर्जी', आपली ऑफिसातली 'रजा', हे सगळे अरबीतल्या एकाच 'रज़ा'चे, संतोषाचे शब्द. 'राजीनामा' म्हणजे खरं तर राजी असल्याचा लेख. आज राजीनामा देणारा किती राजी असतो ते आपण जाणतो. हक्कसोडपत्रातली राजीखुशी साधारण त्याच जातीची.

मी अशा कामासाठी एका नातेवाइकांबरोबर नोंदणीला गेले आहे. फोटो निघतो, अंगठा घेतला जातो, आणि दस्त करून दिल्याचं कबूल आहे का एवढंच विचारलं जातं. निबंधकाचं काम तेवढंच आहे, सही तुमचीच आहे ना हे पाहणं. पसंत आहे का, हे तो विचारणार नाही. काझीसाहेबही विचारणार नाहीत. दोन्ही ठिकाणी तुम्ही पोचता तेव्हा विचारण्याची वेळ निघून गेलेली असते.

म्हणून मुलींना सांगते, कागद समोर आला तर त्याच दिवशी सही करू नका. घरी न्या. सातबारा किंवा मिळकतपत्रिका ऑनलाइन निघते, वडिलांच्या जागी वारस म्हणून तुमचं नाव लागलंय का ते पाहा. नाव नसेल तर सहीची घाई का आहे हे विचारा. हक्कसोडपत्र नोंदवलं की ते परत फिरवायला कोर्टात जावं लागतं आणि त्यात वर्षं जातात. आणि मुलांना सांगते, बहिणीला ज्या दिवशी बघायला येतात त्या दिवशी संध्याकाळी, फोन यायच्या आधी, तुम्ही तिला विचारा. आईने विचारलं तर ती आईकडे बघून उत्तर देईल. तुम्ही तिला स्टेशनपर्यंत चालत घेऊन जा आणि विचारा.

प्रश्न असतील तर आता घेऊ.